नोट वाचणारी शकूआत्या

हातात नोट आली की शकूआत्या आधी ती वाचायची. मोजणं नंतर. पाचशेची असली तर तिरपी धरून हिरवा धागा निळा होतो का बघायची, डोळे मिटून कडेच्या उंचवट्याच्या रेघांवर अंगठा फिरवायची आणि मग नंबर मोठ्यानं म्हणायची. तोवर भाजीवाली आणि मागची सगळी रांग ताटकळत उभी. आम्ही लाजून इकडेतिकडे बघायचो.

"काहून लाजून राहिले रे? लग्नाची पत्रिका दोनदोनदा वाचता, अन् रोज हातातून जाते ते नोट कधी वाचली का?"

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तीस वर्षं बँकेत कॅशियर, निवृत्तीनंतर तात्यापाऱ्यात, म्हणजे हिंदी मुलखातल्या आमच्या जुन्या मराठी वस्तीत, आमच्याच घरी. घरातल्या पोरांना धरून ती नोटेमागच्या भाषांच्या यादीत मराठी शोधायला लावायची. "बरोबर मधात हाय आपली मराठी. वर सात, खाली सात." पोरं ओरडायची, "मिल गई, बुआ!" आणि आत्या कपाळावर हात मारून घ्यायची.

माझ्या लग्नात मात्र हे वेड अंगाशी आलं. वरात गुढियारीतल्या कार्यालयाकडे निघालेली. पुढे धुमाल, म्हणजे आमच्याकडचा गाडीवर चढवलेला ढोलताशांचा कल्लोळ, मागे घोडीवर मी. आत्यानं बँकेतून मुद्दाम आणलेल्या पाचशेच्या कोऱ्या नोटा धुमालच्या उस्तादाला वाटेतच दिल्या. त्यानं त्या बघितल्या आणि हात वर केला. कल्लोळ एकदम बंद.

"ये नोट नकली हे, दाई," तो आत्याला म्हणाला; इकडे दाई म्हणजे आई. "नंबर के बीच म तारा बने हे. मोबाइल म आय रिहिस." तसा मेसेज आला होता म्हणे.

"नकली? अरे, छापतानी एखादी नोट बिघडली तर तिच्या जागी दुसरी ठेवतेत. ओळखू यावी म्हणून नंबरात तारा. किंमत तेवढीच!"

उस्ताद हलेना. मुहूर्ताला पंचवीस मिनिटं उरली होती. बाबा खिशातून दुसऱ्या नोटा काढू लागले, तर आत्यानं त्यांचा हात धरला.

"खबरदार! बदलून देल्या म्हणजे माह्या नोटा खोट्या ठरल्या."

"अगं ताई, पोराचं लग्न लागू दे!"

"लागते ना. नोटीची इज्जत राहू दे पहिले."

सासऱ्यांचे फोनवर फोन. घोडी कंटाळून उसाच्या रसाच्या गाडीकडे वळली, आणि तिच्याबरोबर मीही. शेवटी आत्यानं ओढून ओढून मनगटातल्या सोन्याच्या पाटल्या काढल्या आणि उस्तादाच्या हातावर ठेवल्या. "उद्या बँकेत जा. एक जरी नोट परत आली, तर पाटल्या तुह्या!" आईनं किंकाळी फोडली, पण ती कोणाला ऐकू गेली नाही, कारण धुमाल पुन्हा सुरू झाला होता. आत्या सगळ्यांच्या पुढे नाचत होती. मुहूर्त आम्ही चार मिनिटं राखून गाठला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोहे खात होतो, तेव्हा उस्ताद दारात. त्यानं पाटल्या आत्यापुढे ठेवल्या. "बँक नइ गेंव, दाई. जउन सोन उतार के दे दिस, ओकर नोट नकली कइसे होही?" बँकेत तो गेलाच नव्हता; जी अंगावरचं सोनं उतरवून देते, तिची नोट खोटी कशी असेल, असं त्याचं म्हणणं.

आईचे डोळे भरून आले. आत्या मात्र कडाडली, "म्हणजे तू सोनं पाहून मानलं! नोट वाचलीच नाही!"

पाटल्या मुठीत, उस्तादाचं मनगट दुसऱ्या हातात, अशी ती बँकेत निघाली. कालचा नवरदेव मी, अर्धे पोहे टाकून मागे. भर रांगेत तिनं त्याला डोळे मिटून रेघा मोजायला लावल्या. "पाँच," तो म्हणाला. मग धागा, मग तारा. शेवटी काउंटरवरच्या मुलीनं नोटा मशीनमधून काढल्या. एकही परत आली नाही.

"आता मानलं?"

"हव, दाई."

"कोनाले? मले, का नोटीले?"

उस्ताद हसला. "नोट ला, दाई."

आत्या जाऊन आता वर्ष झालं. पण त्या दिवशी बँकेत होती इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नाही, माझ्या लग्नातसुद्धा नाही. पाटल्या काउंटरवरच विसरून ती बाहेर पडली.