थॉमसिनने कोर्टात वाचलेले कागद

माझी जाऊ थॉमसिन गार्थ पस्तिशी उलटेपर्यंत निरक्षर होती. मेंढ्या, लोणी, मोजे विणणं आणि सासूबाईंचं बोलणं ऐकणं, यातच तिचा दिवस जायचा. मग आमच्या खोऱ्यात मित्रमंडळी आली. आम्ही एकमेकांना मित्र म्हणतो, बाकीचे क्वेकर, म्हणजे थरथरणारे, म्हणून हिणवतात. ना पाद्री, ना घंटा. सगळ्यांनी गप्प बसायचं आणि ज्याला आतून सांगावंसं वाटेल त्याने उठून बोलायचं. थॉमसिन पहिल्याच वर्षी उठली. इतकी वर्षं तोंड मिटून राहिलेली ही बाई अशी बोलली, की माझा दीर माइल्स तिच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसा बघत राहिला.

पुढे एकदा चर्चमध्ये प्रवचन संपल्यावर तिने पाद्र्याला विचारलं, की तू सांगतोस ते तुला स्वतःला कळलंय का? त्यापायी तिला एक हिवाळा तुरुंगात काढावा लागला. तिथे सिबिल नावाच्या एका विधवेने तिला अक्षरं शिकवली. बाहेर आली तेव्हा अंगावर मांस उरलं नव्हतं, पण हातात कागदांचं पुडकं होतं.

तेव्हापासून ती लिहीतच राहिली. लोणी काढून झालं, की पिंपावर फळी टाकून बसायची. तिचं लिहिणं डोंगरापलीकडच्या बैठकांतही फिरू लागलं. त्यातला एक कागद लँबर्ट टायसनच्या हाती पडला. हा चर्चसाठी पिकाचा दहावा हिस्सा गोळा करायचा, आणि आम्ही तो देत नसल्यामुळे त्याचा आमच्यावर दात होता. कागदावरची एकच ओळ त्याने उतरवून घेतली, ‘राजाला गादीवरून खाली ओढा,’ आणि थेट न्यायाधीशाकडे गेला.

शिपाई आला तेव्हा थॉमसिन लोणी घुसळत होती. शिपाई म्हणजे आमचाच शेजारी, क्रिस्टोफर. तो दारातच अवघडून उभा राहिला.

“थॉमसिन, चल बाई. कागदही घे सगळे.”

“लोणी येतंय रे. आत्ता सोडलं तर फुकट जाईल.”

“मग येऊ दे,” असं म्हणून तो चुलीजवळ बसला. मी त्याला ओटची भाकरी आणि ताक दिलं. लोणी धुऊन, मीठ लावून, भांड्यात दाबून झाल्यावरच आम्ही निघालो.

माइल्स वाटभर थॉमसिनच्या अगदी लगत चालत होता. त्याला कसली धास्ती होती ते मला ठाऊक होतं. आमची माणसं शपथ घेत नाहीत. आमचा हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. त्या वर्षांत न्यायाधीशांना दुसरं काही सापडलं नाही, की ते बायबल पुढे करून राजनिष्ठेची शपथ घ्यायला सांगायचे. नकार दिला की घरदार, गुरंढोरं जप्त आणि मरेपर्यंत तुरुंग. पलीकडच्या खोऱ्यातलं एक अख्खं घर असंच उठलं होतं.

कोर्टात गर्दी होती. आमची माणसं देवाशिवाय कुणापुढे टोपी काढत नाहीत; माइल्सनेही काढली नाही, म्हणून चोपदाराने ती काठीने उडवली. न्यायाधीश सर गॉवेन म्हातारे होते. सुजलेला पाय त्यांनी स्टुलावर ठेवला होता. त्यांनी थॉमसिनला नाव विचारलं.

“थॉमसिन गार्थ. तुला काय विचारायचंय ते विचार, गॉवेन.”

लोक हसले. सर गॉवेन म्हणाले, “माझी बायकोसुद्धा मला अहो म्हणते.”

“मी देवालाही तूच म्हणते,” थॉमसिन म्हणाली. “तुला वेगळं काय म्हणू?”

त्यांनी कागद कारकुनाकडे दिले. त्याने ते उलटेसुलटे केले, खिडकीपाशी नेले आणि परत आणले. थॉमसिन जशी बोलायची तशीच लिहायची, आणि कारकून होता दक्षिणेकडचा. त्याला एक वाक्य धड लागेना. शेवटी न्यायाधीश वैतागले. “बाई, तूच वाच. राजाबद्दल लिहिलंय तेवढंच.”

“मधूनच वाचलं तर अर्थ लागायचा नाही. वरून वाचते.”

त्यांनी हात हलवला. आमची चारचौघं बंद खोलीत बैठकीला जमली तरी त्या वर्षांत गुन्हा व्हायचा, आणि इथे भरल्या कोर्टात न्यायाधीशाच्याच हुकमाने ती बोलायला उभी राहिली होती.

तिने वाचलं: “दूध ढवळत बसलीस तर साय कशी धरेल? भांडं ठेव आणि बाजूला हो. मन बाजारात गेलं तर त्याला हाका मारू नकोस. दार उघडं ठेव, भूक लागली की येईल. मी तुरुंगात रडले तेव्हा मला वाटलं, देव मला विसरला. तो माझ्या शेजारीच बसला होता. मीच बडबडत होते, म्हणून त्याचं ऐकू आलं नाही.” मागे कुणीतरी खोकत होतं, ते थांबलं. “माझ्या छातीत एक राजा चढून बसलाय. त्याला मान हवा, त्याला सगळ्यांनी वाकायला हवं. त्या राजाला गादीवरून खाली ओढा. जागा ज्याची आहे त्याला द्या.”

“हा राजा कोण?” सर गॉवेननी विचारलं.

“माझ्यातला मीपणा. तुझ्यातही असेलच.”

या वेळी कुणी हसलं नाही. सर गॉवेननी टायसनकडे पाहून विचारलं, की वरच्या ओळी तू वाचल्या नाहीस का? टायसन म्हणाला, कागद दुमडलेला होता.

तेवढ्यात कारकुनाने सवयीने बायबल पुढे सरकवलं. माइल्सने डोळे मिटले. मी त्याची बाही घट्ट धरली. सर गॉवेननी पुस्तकावर पंजा ठेवला आणि थॉमसिनकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी पुस्तक कारकुनाकडे परत ढकललं.

“आज नको. बाईला घरी जाऊ दे,” ते म्हणाले. “कागदही देऊन टाक तिचे. आपल्या काय कामाचे?”

बाहेर आल्यावर माइल्स पायरीवरच बसला. त्याचे खांदे हलत होते. रडतोय असं वाटून मी वाकून पाहिलं, तर तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. थॉमसिन त्याच्याजवळ टेकली आणि त्याच्या टोपीवरची धूळ झटकत राहिली. “मला वाटलं, गेलीस तू,” तो म्हणाला. ती म्हणाली, “मलाही वाटलं होतं रे. गुडघे बघ, अजून थरथरतायत. क्वेकर हे नाव सार्थ केलं.”

परतताना क्रिस्टोफर आमच्याबरोबरच होता. खिंडीत दम खायला बसलो तेव्हा त्याने भीतभीत विचारलं, की तुम्ही गप्प बसता म्हणजे नक्की काय करता? सांगून कळायचं नाही, येऊन बस, असं थॉमसिन म्हणाली.

पुढे लंडनच्या मित्रांनी तिचं लिखाण तपासलं, शब्द सारखे केले आणि छापलं. पातळसंच पुस्तक झालं. ते तिने हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाली, हे मी लिहिलंय असं वाटत नाही, पण खोटंही काही नाही त्यात. ती खूप जगली, आणि पुन्हा कधी तुरुंगात गेली नाही.

क्रिस्टोफर मात्र कोर्टातून परतलो त्याच आठवड्यात बैठकीला आला होता. मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसला आणि थोड्याच वेळात घोरायला लागला. कुणी त्याला उठवलं नाही.