लाल दिव्याभोवतीचं कडं

ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेचा चढउतार दाखवणाऱ्या उपकरणाच्या, पडद्यावरची रेघ किती उजळ आणि किती बारीक असावी, हे ठरवणारी दोन बटणं असतात. एकावर इंटेन्सिटी लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर फोकस. नोकरीची सुरुवातीची वर्षं मी या बटणांमागे काय चालतं ते समजून घेण्यात घालवली. तेव्हा त्यांच्याच बाबतीत माझ्या हातून जे झालं, ते आजवर दोघांखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

सत्तरच्या दशकात डिप्लोमा करून मी बीडहून पिंपरीला आलो. कारखान्यात विजेच्या मोटारींची कंट्रोल कार्डं, म्हणजे सर्किटच्या पाट्या, बनत आणि मी उपकरणं दुरुस्त करणाऱ्या खात्यात होतो. पलीकडे टेस्टिंगचं टेबल. तिथे बसणाऱ्या वयस्कर गृहस्थांना सगळे काका म्हणत. काका पिंपळे गुरवचे. गाव तेव्हा गावच होतं. सायकलवरून यायचे, हँडलला घरचा घेवडा नाहीतर मेथीची जुडी. प्रत्येक कार्ड ते स्कोपला जोडायचे, पडद्यावरची हिरवी रेघ पाहायचे आणि पास किंवा नापास करायचे. त्यांच्या शब्दापुढे साहेबसुद्धा जात नसे.

एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. "काय राव, दुरुस्ती खातं झोपलंय का? बघ ही रेघ. पार सुतळी झालीय."

मी वाकून पाहिलं. "सुतळी कुठंय काका? दोरा आहे चांगला."

"तुला दोरा दिसतोय, मला सुतळी. आन रेघ बघायचा पगार मला मिळतो, तुला न्हाई."

आजूबाजूचे हसले. मी स्कोप उचलून माझ्या टेबलावर आणला.

स्कोपचा पडदा म्हणजे एका काचेच्या नळीचं पुढचं टोक. मागच्या टोकाला कॅथोड तापतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. त्याच्यापुढे बारीक भोकाची धातूची टोपी असते, ती ग्रिड. ग्रिड कॅथोडपेक्षा जितकी जास्त उणे ठेवावी तितके इलेक्ट्रॉन मागे लोटले जातात आणि रेघ मंद होते. तो उणेपणा कमी केला की झोत वाढतो, रेघ उजळते. इंटेन्सिटीचं बटण एवढंच करतं. पुढे धातूची नळकांडी असतात. त्यांच्यातल्या व्होल्टेजच्या फरकामुळे विजेचं एक भिंग तयार होतं आणि पसरलेला झोत पडद्यावर एका बिंदूत येतो. ते भिंग फोकसच्या बटणानं जुळवायचं. पण दोन्ही बटणं रेझिस्टरच्या, म्हणजे वीज अडवणाऱ्या सुट्या भागांच्या, एकाच माळेत असतात. उजेड वाढवला की रेघ जाड होते आणि फोकस पुन्हा जुळवावा लागतो.

हजाराहून जास्त व्होल्टचा भाग, झटका छातीतून जाऊ नये म्हणून एक हात खिशात ठेवून मी सगळी माळ तपासली. सगळं बरोबर होतं. तरी दोन जुने रेझिस्टर बदलले आणि स्कोप परत नेला. आठवड्यात तीच तक्रार आली. पुन्हा तपासला, पुन्हा काही सापडलं नाही.

मग एकदा चहाच्या सुट्टीत काकांनी मला बाजूला घेतलं. या वेळी आवाज हळू होता. "रेघेभोवती धुकं हाय बघ. आन त्या लाल दिव्याभोवती बी कडं दिसतंय. चंद्राला खळं पडतं ना, तसं."

लाल दिवा म्हणजे स्कोप चालू आहे हे दाखवणारा साधा बल्ब. ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा आणि एक काच. त्याला ग्रिड नाही, भिंग नाही, फोकस नाही. त्याच्याभोवती कडं दिसत असेल तर दोष स्कोपमध्ये नव्हता. हे मला त्याच क्षणी कळलं.

"काका, एकदा डोळे दाखवून चष्मा..."

"चष्म्याचं नाव काढू नको हां. टेस्टिंगचा माणूस डोळ्यानं कच्चा म्हणलं की डॉक्टर लिहून देणार, आन मला स्टोअरात नटबोल्ट मोजायला बसवणार. तू आपला तुझा स्कोप नीट कर."

मी कच खाल्ली. वयाचा साधा चष्मा असेल, काकांना कशाला दुखवायचं, असं मनाशी म्हटलं. स्कोपच्या कुशीला एका भोकातून प्रीसेट नावाचा आतला छोटा स्क्रू फिरवता येतो. उजेड जास्तीत जास्त किती वाढू द्यायचा हे त्यावर ठरतं. प्लास्टिकचा पेचकस घालून मी तो थोडा पुढे सरकवला, फोकस पुन्हा जुळवला.

काकांनी पाहिलं आणि पाठीत धपका घातला. "आता कसं! आधी का न्हाई केलंस रं?"

त्यानंतर वर्षभर मी तो प्रीसेट अधूनमधून पुढे सरकवत राहिलो. त्यांनी पास केलेली कार्डं जेवणाच्या सुट्टीत पुन्हा तपासायचो. चुका निघत नसत, आणि मला वाटे, आपण भलं करतो आहोत. नेहमी रेघ असायची तिथे पडद्यावर तपकिरी पट्टा पडला. उजेड फार झाला की आतला थर असा जळतो. तो पट्टा मी रोज पाहत होतो.

एका दुपारी कारखान्यात डावीकडून मालाची ढकलगाडी आली. ढकलणारा ओरडला, तरी काकांना ती दिसलीच नाही. पायाला खरचटण्यावर निभावलं, पण साहेबांनी त्यांना पुण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. सोबत मी गेलो.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि विचारलं, "दिव्याभोवती कडी दिसायची का?"

"दिसायची की. ह्याला सांगितलं होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. काकाच घाईनं म्हणाले, "स्कोप चांगला दुरुस्त केला हो त्यानं."

काचबिंदू होता. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नव्हती, उजव्याची उरलेली सांभाळायची होती. आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. कुणाला उद्देशून ते मी विचारलं नाही.

काका स्टोअरमध्ये गेले. मी प्रीसेट जागेवर आणला. तपकिरी पट्टा तसाच राहिला.

ते निवृत्त झाल्यावर एका रविवारी मी पिंपळे गुरवला गेलो. ओसरीवर घेवडा निवडत बसले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी सांगून टाकलं, की स्कोप पहिल्या दिवसापासून ठीक होता आणि मला ते कळलं होतं.

शेंगेची शीर काढत ते म्हणाले, "मला न्हाई व्हय ठावं? त्या लाल दिव्याला कुठं फोकस असतोय?"

"मग त्या दिव्याचं मला सांगितलंत कशाला?"

"तू काय करतोस ते बघत होतो. तू पेचकस उचललास. लई बरं वाटलं बघ तवा."

त्यांनी मला माफ केलं असं घरी बायको म्हणते. मला तसं वाटत नाही, कारण ते रागावलेच नव्हते. त्यांना तेव्हा बरं वाटलं, एवढंच मी केलं होतं.

पुढे निवृत्त होईपर्यंत खात्याची जबाबदारी माझ्याकडे होती. टेस्टिंगच्या टेबलावरून कुणी रेघ जाड दिसते म्हणालं, तर मी स्कोप लगेच उचलत नसे. आधी विचारायचो, "आणि तो लाल दिवा कसा दिसतोय?"