गाडी काय पिते

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ताईला तर नाहीच. तुम्हाला सांगायला बसलोय, पण — कुठून सुरू करू?

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. नागपुरात केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी सरांनी मला एक प्रयोग दिला होता. मिथेनॉल आणि पाण्याची वाफ तापलेल्या तांब्याच्या उत्प्रेरकावरून न्यायची, हायड्रोजन मिळवायचा. त्या हायड्रोजनपासून फ्युएल सेलमध्ये वीज होईल, विजेवर गाडी धावेल, असं सर म्हणायचे. माझा त्यावर पूर्ण विश्वास होता.

दिवाळीत पारशिवनीजवळच्या आमच्या गावी जाताना मी मिथेनॉलची बाटली सोबत नेली. माझ्या शिक्षणात घरी दाखवण्यासारखं दुसरं काय होतं? अंगणात थोडं ताटलीत ओतून पेटवलं. उन्हात ज्वाळा दिसेना, वर धरलेला कागद मात्र भुर्रकन जळाला. ताईच्या नवऱ्याने, भाऊजींनी, विचारलं, "मंग तुही गाडी पिते तरी काय गा?"

खरं उत्तर लांबलचक होतं. मिथेनॉलचं जुनं इंग्रजी नाव 'वुड अल्कोहोल', तेवढंच धरून मी म्हणालो, "दारू पिते, भाऊजी. लाकडाची दारू."

"मंग माह्यावानीच हाय."

सगळे हसले. बाबासुद्धा. मी काय शिकतो ते पहिल्यांदाच घरच्यांना कळल्यासारखं वाटलं — आणि ते हसू मला मोडवेना. बाटली खिडकीत ठेवून दिली. हे विष आहे, एवढं सांगायचं — ते राहिलं. राहिलं, की मी राहू दिलं?

दुसऱ्या दिवशी भाऊजी ती प्यायले. आधी डोकं दुखतं म्हणाले, मग सगळं पांढरं दिसून राहिलं म्हणाले. नागपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत नजर गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, हे विष आहे असं यांना कुणी सांगितलं नव्हतं? ताई माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो — सांगितलं होतं.

त्या एका वाक्यावर ताईने भाऊजींना वर्षानुवर्षं बोल लावले. शेत तिने एकटीने सांभाळलं, आणि मनातून त्यांना कधी माफ केलं नाही.

आता भाऊजी स्वतःच पोरांना सांगतात, "मामानं सांगतलं होतं, म्याच नाई आयकलं." त्यांना खरंच तसं आठवतं? की मी शिकलेला, म्हणून माझंच खरं? सांगताना ते माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवतात. त्यांना दिसत नाही हे ठाऊक असूनही — मी मान हलवतो. हो.