कोरडं आभाळ, चढलेली नदी

पौषातलं आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ आहे आणि पुलाखाली नदी दुथडी भरलीय. धरणातून पाणी सोडलंय. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, धुण्याचा दगड बुडालाय. त्यावर त्यांनी जन्मभर या शहराचे कपडे धुतले.

घरातली पहिली पदवी माझी. ती मिळाली त्या हिवाळ्यात मी पेपर वाचून सांगितलं, "आबा, पाणी गुरुवारी सोडणार आहेत. आज खुशाल वाळूवर वाळत घाला."

ते पाण्याकडे बघत म्हणाले, "काडीकचरा यायला लागलाय रं. पाणी चढंल."

"छापून आलंय, आबा."

"छापलंय म्हंजे खरंच आसंल," म्हणत त्यांनी एका लग्नघरच्या चादरी वाळूवर पसरल्या. दुपारी पाणी आलं, चादरी घेऊन गेलं.

त्या घरी जाऊन आबा एवढंच म्हणाले, "माझा अंदाज चुकला."

आता आबा नाहीत. पदवीचा अभिमान मला आजही आहे, लपवत नाही. पण हिवाळ्यात नदी अशी चढली की पुलावर पाय थांबतात. पाण्यावरून काडीकचरा वाहत येतो.

तो त्या दिवशी मलाही दिसला होता.