बसून चार, उभे पाच

शिरूर तालुक्यातल्या माझ्या पिढीला पदवीपर्यंत कुठल्या प्राचार्यानं किंवा पुढाऱ्यानं नेलेलं नाही. एसटी स्टँडवरच्या पासाच्या खिडकीत बसणाऱ्या एका माणसानं नेलं. हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करते आहे. ज्यांना आक्षेप असेल त्यांनी पुढे यावं, आणि येताना आपल्या पहिल्या सत्राची गुणपत्रिका घेऊन यावं.

आम्ही सगळे त्यांना पासवाले मामा म्हणायचो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एफवायला गेले तेव्हा ते साठीकडे झुकलेले होते. आयुष्य कंडक्टर म्हणून गेलं, मग गुडघ्यांनी संप पुकारला आणि त्यांना खिडकीत बसवण्यात आलं. माणूस खिडकीत आला, पण डोकं गाडीतच राहिलं. जगातली कुठलीही गोष्ट ते एसटीच्या भाषेत मोजत. लग्न म्हणजे लांब पल्ला. मंत्र्यांचं भाषण म्हणजे विनाथांबा. आणि कॉलेजचं पहिलं सत्र म्हणजे, "गाडी स्टँडातनं भाईर काढायची. तिथं इंजान जोरात मारायचं नसतंय पोरी, आरसा बघायचा असतोय." शुक्रवारी दुपारी ते नमाजाला जात आणि खिडकीला पुठ्ठा लावत. पुठ्ठ्यावर लिहिलेलं असे : "जुम्मा. अडीचनंतर या. तोवर विषय परत वाचा."

कारण पासाच्या फॉर्मवर विषयांचा रकाना होता. छापील नव्हे, मामांनी स्वतःच्या पेनानं पाडलेला! आणि त्या रकान्याचे भाग दोन : 'बसून' आणि 'उभे'. गाडीत पाटी असते ना, इतके प्रवासी बसून, इतके उभे, तसं. 'बसून'मध्ये विषय लिहायचे. 'उभे'मध्ये घरची कामं. मग मामा दोन्हींची बेरीज करून भारमान काढत. भारमान म्हणजे गाडी किती भरली त्याचा हिशेब. "कमी असलं तर गाडी तोट्यात, जास्ती झालं तर गाडीखालचा पाटा तुटतोय. तुझा कवा तुटंल ते मी आत्ता सांगू का परीक्षेच्या दिवशी बघतीस?" पास त्यांनी कुणाचा अडवला नाही. पण शिक्का हवेत धरून ठेवत, आणि हवेत धरलेल्या शिक्क्याखाली भल्याभल्यांना घाम फुटे.

पोरं 'उभे'चा रकाना कोरा ठेवत. एकानं वर ऐटीत सांगितलं, "मामा, आमच्यात घरचं काम बहीण करती."

"म्हंजी तुझं प्रवासी तिच्या गाडीत चढलं," मामा म्हणाले. "तिचा फॉर्म आला की तुझं नाव लिवतो त्यात."

रांगेतल्या पोरी इतक्या हसल्या की तो पास न घेताच पळाला. मी मात्र हसले नाही. मी तेव्हा विद्यार्थी संघटनेत नवीन होते आणि पत्रक काढल्याशिवाय मला जेवण पचत नसे. मला ते सगळं सरंजामी वाटलं. हा कोण आमचं शिक्षण मोजणारा? माझ्या फॉर्मवर सहा विषय, टायपिंगचा क्लास, वक्तृत्व मंडळ आणि संघटना एवढं बघून त्यांनी विचारलं, "ह्यात तू कुठं बसणार?" मी म्हटलं, "मी लढणार." ते म्हणाले, "लढ. पर टपावर बसून न्हाई." शिक्का मारला त्यांनी, पण मान हलवत. त्या सत्रात मी अर्थशास्त्रात सपशेल नापास झाले. संघटनेत मी पेपर तपासणीत घोळ झाल्याचं सांगितलं. घोळ नव्हता.

खरी ठिणगी पडली ती त्याच सत्राच्या सुरुवातीला, माझ्या मैत्रिणीवरून. संगीता केंदूरची. घरची शेवंती आणि झेंडू. तिच्या घरात बारावी सायन्स झालेली ती पहिली. वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं : पहिल्या सत्रात एक जरी विषय राहिला तरी कॉलेज बंद. तिनं चार विषय लिहिले, त्यात तिचा जीव की प्राण असलेलं भौतिकशास्त्र. 'उभे'मध्ये प्रामाणिकपणे पाच कामं : फुलं तोडणं, पाणी, भाकऱ्या, धुणं, म्हैस. मामांनी बराच वेळ कागद बघितला आणि म्हणाले, "बसून चार, उभे पाच. न्हाई जमायचं. यातला एक उतरव."

संगीता रांगेतून बाहेर आली ती डोळे पुसतच. "फिजिक्स सोडते," म्हणाली.

मी पेटले. मुलींनी अवघड विषय घेऊ नयेत हे ठरवणारा हा कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडभर माझं पत्रक : 'खिडकीमागची मनुस्मृती फोडून काढा!' शंभर झेरॉक्स. त्यातली एक मी स्वतः खिडकीतून आत सरकवली आणि निकराच्या लढाईसाठी उभी राहिले.

मामांनी चष्मा पुसला. सगळं पत्रक सावकाश वाचलं. मग डिंकाची बाटली घेतली आणि ते स्वतःच्याच खिडकीच्या काचेवर, बाहेरच्यांना वाचता येईल असं चिकटवलं.

"झ्याक लिवलंय. पर लिवनाऱ्याचं नाव कुठंय? तिकिटामागं कंडक्टर उभा असतोय. पत्रकामागं कोण हाय?"

"मी आहे!"

"मग आत्ता ऐक. मी तिला विषय उतरव म्हनलो का?"

"एक उतरव म्हणालात."

"व्हय. उभ्यातला. गाडी भरली की कोण उतरतंय? सीटवरचा उतरतोय व्हय? कवा बघितलंयस?"

मी कधीच बघितलं नव्हतं. आम्हा दोघींना, मुलींच्या हक्कांवर रोज बोलणाऱ्या मलासुद्धा, उतरवायचं म्हटल्यावर विषयच दिसला होता. फुलं उतरवता येतात हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. शंभर पत्रकांची लाज मला त्या एका वाक्यात वाटली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मामा मला घेऊन केंदूरला गेले. ते सुजलेले गुडघे घेऊन शेवंतीच्या वाफ्यांतून चालत बांधापर्यंत. संगीताचे वडील आप्पा ऐकून घेणारे होते, पण ठाम.

"मामा, तुमी पास द्यायचा. फुलं आमी बघतो."

"आप्पा, मीबी तेच सांगाया आलोय. फुलं तुमी बघा."

 शेजारी संगीताचा थोरला भाऊ मोटारसायकलच्या आरशात भांग पाडत होता. मामांनी विचारलं, "ह्यो काय करतोय?"

"शिक्रापूरला कंपनीत काम बघतोय."

"कवापासनं?"

"दोन वरीस."

"मग कंपनी उघडायच्या आधी, पहाटं पाच ते सात, काय बघतोय?"

भावाचा कंगवा थांबला. आप्पांच्या मिशीत काहीतरी हललं. "आरं ए," ते मुलाला म्हणाले, "मामा इचारत्यात. सांग की."

त्यानं कंगवा खिशात घातला. सोमवारपासून फुलं त्याच्याकडे गेली. आठवडाभर तो गावात तोंड लपवून फिरला, मग सवय झाली. आणि संगीता पहिल्या सत्रात चारही विषयांत सुटली. भौतिकशास्त्रात वर्गात दुसरी. आज ती ज्युनियर कॉलेजात तोच विषय शिकवते. ह्या विजयात माझ्या पत्रकाचा वाटा शून्य आहे, हेही मी इथं नाव लिहून सांगते.

मामा निवृत्त होऊन दौंडला मुलीकडे राहायला गेले. मध्ये एकदा मी भेटायला गेले. स्टेशनच्या अलीकडे दोन खोल्या, दारात शिलाई मशीन. मुलगी शमीम, पस्तिशीची, तिनं चहा आणला. मी आपली जोरात त्यांचं कौतुक करत सुटले : किती पोरी शिकल्या, किती घरं बदलली. मामा कपातच बघत होते.

"आमची शमीमबी गेली हुती कॉलेजात," ते म्हणाले. "पयल्याच सत्रात तिची आई आजारी पडली. मी तवा मुक्कामी गाडीवर. घरी यायचो, आयतं जेवायचो, जायाचो. हिनं कवा कॉलेज सोडलं, मला म्हाईत न्हाई. दोन महिन्यांनी कळलं. ते बी दुसऱ्याकडनं."

"अब्बा, झालं ते झालं," शमीम हसून म्हणाली.

मामा उठले. गुडघ्यांवर हात ठेवत, एकेक करून तिन्ही कप गोळा केले आणि मोरीत जाऊन विसळायला बसले. शमीम मशीनच्या कडेला टेकली. कापडाची सुरकुती बोटानं सरळ करत, आवाज खाली आणून तिनं मला विचारलं, "ताई, आत्ता ह्या वयात बाहेरून बी.ए. करता येतं का? पहिल्या वर्षाला किती विषय असतात?"

मी उत्साहानं सगळे विषय मोजायला तोंड उघडलं. तेवढ्यात मोरीतला नळ बंद झाला.

"दोनच घे म्हनावं आधी," आतून मामा म्हणाले. "सैपाकाचं मी बघतो."