भातातलं केळं

आज वडिलांचं वर्षश्राद्ध. पिकल्या केळ्यांचा वास घरभर झाला आणि मला कराडमधली ती माडी आठवली. कॉलेजात माझं नाव घालून आम्ही परतत होतो. स्टँडमागच्या गल्लीत वेलदोडे घालून शिजणाऱ्या मटणाचा वास आला आणि फौजेतून पेन्शनीत आलेले वडील चालता चालता थबकले. पाटी कुठंच नव्हती. गॅरेजशेजारचा जिना चढून गेलो, तर सोमालियाहून शिकायला आलेली पोरं एका परातीभोवती जेवत होती आणि त्यांच्याकडचीच एक बाई वाढत होती. वडील दारातूनच म्हणाले, "नबद." तो तिकडचा रामराम. बाईच्या हातातला डाव तसाच राहिला, मग हसून तिनं आम्हालाही बसवलं. तांबूस भात, वर मटण आणि प्रत्येकाला एक केळं. मी माझं जेवणानंतर खायला बाजूला ठेवलं. बाकीचे सगळे भाताच्या घासाबरोबरच केळं खात होते, वडीलसुद्धा. घरी ते भातात केळं कालवायचे तेव्हा आई म्हणायची, "आवं, ल्हान पोरावानी काय खाताय?" त्यावर ते कधी बोलले नव्हते. "शांतिसेनेत तिकडं व्हतो तवा एका म्हातारीनं शिकिवलं," त्या दिवशी ते मला म्हणाले, "तिच्या घरात तेवढंच व्हतं." घरी येऊन मी आईला हे सांगितलं. आज पान वाढताना तिनं केळं सोलून भातावर ठेवलं. गुरुजींनी वर पाहिलं, तशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्यास्नी लागतंय."