मामाजींनी पारखलेला कीबोर्ड

जगातली कोणतीही वस्तू नुसती कारखान्यातून बाहेर पडली म्हणून तयार होत नाही, ती आमगावात आमच्या ताईच्या सासऱ्यांच्या हातून पास व्हावी लागते, असा खुद्द त्यांचा ठाम समज आहे. ताई त्यांना मामाजी म्हणते, म्हणून आम्हीही मामाजीच म्हणतो. राइस मिलसाठी धान पारखण्यात त्यांची हयात गेली. मूठभर धान तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली धरायचा आणि तो कसा तुटतो त्यावरून ओल सांगायची. काम सुटलं, सवय सुटली नाही. गल्लीत कोणी सायकल आणो, मिक्सर आणो की जावई, आधी मामाजींना दाखवायचं. ताईला पाहायला आले तेव्हा त्यांनी पोहे सावकाश चावले, बसल्या जागी खुर्ची मागेपुढे केली आणि निकाल दिला, "पोरगी चांगली आहे, पण खुर्ची डुगडुगून राहिली." दुसऱ्या दिवशी बाबांनी सुतार बोलावला.

या पारख्याला ताळ्यावर आणणारं माणूस घरात एकच होतं, ताईच्या सासूबाई, म्हणजे मामीजी. निकाल फार लांबला की त्या स्वयंपाकघरातून असं काही बोलायच्या, की मामाजी निमूटपणे जेवायला उठायचे. मग मामीजींना लकवा झाला. पुढे उठता-बसता येऊ लागलं, डावा हात चांगला चालू लागला, समजायचं तर सगळंच. पण बोलणं गेलं ते परत आलं नाही. मामाजी त्यांच्यासमोर बसून दिवसभर बोलत राहायचे आणि त्यांना मध्येच तोडणारं कोणी उरलं नव्हतं.

मी गोंदियाला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. गेम खेळणाऱ्या पोरांसाठी एक कीबोर्ड येतो, त्याच्या डाव्या कडेला सहा जादा बटणं असतात आणि त्यांना आपण सांगू ते काम लावता येतं. तो एखाद्या जुन्या कॉम्प्युटरला लावून एकेका बटणाला एकेक वाक्य रेकॉर्ड करून जोडलं तर मामीजी बटण दाबतील आणि स्पीकर बोलेल, असं मी सुचवलं. मामाजी तडक गोंदियाला आले. दुकानात त्यांनी कीबोर्ड हलवून पाहिला, वास घेतला, कानाशी धरून एकूण एक बटण अंगठ्याने दाबलं. खालचे रंगीत दिवे लागले तेव्हा म्हणाले, "लग्नाचा मांडव होय काय हा?" मग सवयीने त्याचा कोपरा दाताखाली गेला. दुकानदार कळवळून म्हणाला, "अंकलजी, ये खाने का नहीं है." मामाजी म्हणाले, "माहीत आहे. पण या सहावर काहीच लिहून नाही. कोरे काऊन ठेवले?" मी म्हटलं, "आपण भरायचे म्हणून." हे त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी भाव न करता पैसे दिले. असं पूर्वी घडल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. आवाज ताईचा द्यायचा ठरलं. ताईने नाजूक आवाजात "मला चहा हवा आहे" म्हटलं आणि मामाजींनी हात वर केला. "नापास. तुझी सासू असं कधी बोलली काय? ती म्हणे, चहा मांडता का तसेच बसून राहता?" पाण्याचंही तेच, पंख्याचंही तेच. "अजून जोरात. जरा चिडून म्हण." सासऱ्यावर त्याच्याच हुकमाने खेकसायची अशी संधी कोणत्या सुनेला मिळते? पण ताईला चिडणं जमेना, एकेक वाक्य चार-चारदा म्हणावं लागलं. मामीजी खाटेवर बसून बघत होत्या आणि पदराने तोंड झाकून हसत होत्या. कितीतरी दिवसांनी आम्ही त्यांना हसताना पाहिलं. पाच बटणं भरली. सहाव्याला मामाजी अडले. "बोलणं लांबलं की ती जे म्हणे ते टाकायचं आहे," एवढंच म्हणाले आणि ते वाक्य न सांगताच उठून अंगणात गेले. ते बटण तसंच राहिलं.

महिन्याभराने मी गेलो तेव्हा समोरच्या घरातले गृहस्थ नवा कुकर घेऊन आले होते. मामाजींनी त्याचं रबर काढून दाताखाली धरलं होतं आणि कुकर या विषयावर ते मुळापासून बोलत होते. तेवढ्यात आतून टक् टक् ऐकू आलं. मामीजी ते रिकामं बटण दाबत होत्या. स्पीकर गप्पच होता. मामाजी अर्ध्या वाक्यावर थांबले, रबर परत बसवलं आणि कुकर त्या गृहस्थांच्या हातात दिला. "चांगला आहे. न्या."

मी म्हटलं, "मामाजी, आज सांगून टाका, त्या काय म्हणायच्या ते. भरूनच देतो." मी स्वतः आठवून पाहत होतो. शब्द सोडा, मला मामीजींचा आवाजसुद्धा आठवेना. फार वाईट वाटलं.

मामाजी आतल्या खोलीकडे बघत होते. "कायले?" ते म्हणाले. "मले ऐकू येऊन राहिलं ना."

आत बटण पुन्हा वाजलं आणि मामाजी हात धुवायला उठले.